नऊनं भाग जाणारा फरक

पंचशीलानं पट्टी काढली. उत्तरपत्रिकेच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर एक टोक ठेवलं, उजव्या खालच्या कोपऱ्याशी दुसरं जुळवलं आणि पानभर तिरपी रेघ मारली. मग पान उलटलं. पुन्हा पट्टी, पुन्हा रेघ. तिसऱ्या पानावर ताळेबंद होता. त्याच्यावर रेघ मारताना तिनं क्षणभर पेन वर धरलं. मग तीही मारली.

मी बाजूच्या रांगेतून बघत होतो. पर्यवेक्षक खिडकीशी उभं राहून बाहेरच्या चहावाल्याला बोटांनी दोन कप सांगत होता. पेपर संपायला थोडाच वेळ राहिला होता. पंचशीलानं पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हात बाकावर पालथे ठेवून बसून राहिली.

पेपर बी.कॉम. पहिल्या वर्षाचा, वित्तीय लेखांकनाचा. पहिला प्रश्न सक्तीचा. एका व्यापाऱ्याची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी दिलेली, तिच्यावरून नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार करायचा. चाळीस गुण. हा एक प्रश्न जमला की पास, गेला की गेलं.

माझाही ताळेबंद जुळला नव्हता. देण्याची बाजू नऊ हजारांनी जास्त येत होती. मी एकदा वरून खाली बघितलं, चूक दिसली नाही. मग मालमत्तेच्या बाजूला लिहिलं 'उचंत खाते, ९,०००', दोन्ही बेरजा सारख्या करून खाली दुहेरी रेघ ओढली आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. उचंत खातं म्हणजे जिथं न समजलेलं सगळं कोंबायचं ती कोठी. हॉलमधल्या निम्म्या पोरांनी तेच केलं. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, कायले रेघ मारली?

"जुळत नव्हतं," ती म्हणाली. "नऊ हजाराचा फरक. नऊनं भाग जाते म्हंजे आकडे उलटेपालटे लिहिले मी कुठंतरी. तासभर शोधलं दिगूभाऊ. माझ्या लिहिण्यात सापडलंच नाही."

आकड्यांची अदलाबदल झाली, बत्तीसचे तेवीस झाले, की फरकाला नऊनं भाग जातो. ही खूण उमाळे सरांनी शिकवलेली. रेघेचंही त्यांनीच शिकवलेलं. पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचा डाग, हातात लाकडी पट्टी. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नव्हतं. म्हणाले होते, हिशेबात खोडणारा हात चोराचा. चुकलात तर खरवडू नका, गिरवू नका. एक सरळ रेघ मारा, खालचं सगळं वाचता आलं पाहिजे, आणि नव्यानं सुरुवात करा. आणि न जुळलेला ताळेबंद कधीही पुढं करू नका, तो खोटा कागद आहे. वर्षभर ते वह्या तपासत हिंडायचे. ज्याचं जुळलं नाही त्याला स्वतःच्या हातानं रेघ मारायला लावायचे. आम्ही पोरं त्यांना मागून 'रेघे मास्तर' म्हणायचो. पंचशीला म्हणत नसे. चाचणीत पहिली आली म्हणून सरांनी तिला स्टीलची पट्टी दिली होती. ती पट्टी ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून ठेवायची.

आम्ही दोघं एकाच गावचे. मेहकरच्या पुढं, खडी मशीनचं गाव. तिथं बाभळी हिरव्या नसतात, दगडाच्या भुकटीनं पांढऱ्या असतात. पंचशीलाची आई भागाबाई मशीनवर दगड टाकायला जायची आणि संध्याकाळी आली की भुवयांसकट पांढरी होऊन यायची. खोकायला लागली की मधे बोलता येत नसे, हातानं खूण करून 'थांब' म्हणायची. पोरीला ती एकच गोष्ट सांगायची, मशीनीकडे पाहू नको. पंचशीला तालुक्याला समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकत होती. तिथला नियम सगळ्यांना पाठ होता. नापास झालं की नाव कमी. जेवण बंद, खाट बंद, शिष्यवृत्ती बंद. मग गावाची एसटी, आणि गावात मशीन.

निकालाच्या आधीच बातमी आली. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांनी आणि मराठीवाल्यांनी उत्तरं ताडून बघितली आणि भांडण झालं. मग कुणीतरी प्रश्नपत्रिका उघडली. डाव्या बाजूला इंग्रजीत आरंभीचा साठा बत्तीस हजार पाचशे. उजव्या बाजूला मराठीत तेवीस हजार पाचशे. खाली बेरीज मात्र दोन्हीकडे एकच, बत्तीस हजार पाचशे धरून केलेली.

मी प्रश्नपत्रिका घेऊन मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी गेलो आणि पंचशीलाला आकडा दाखवला. तिनं मराठी बाजूची बेरीज बोटावर करून पाहिली, नऊ हजार कमी.

"छापेल बेरीज कोणी करून पाह्यते का?" ती म्हणाली. एवढंच.

विद्यापीठानं परिपत्रक काढलं. मराठीतून ज्यांनी हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला त्यांना सरसकट गुण. पोरांनी चौकात फटाके वाजवले. उचंतवाले पास. जे अर्धवट सोडून उठले ते पास. माझ्या मागं बसणाऱ्या खिल्लारेनं दोन आकडे लिहून बाजूला गणपती काढला होता, तोसुद्धा पास. पंचशीला चार गुणांनी नापास. रेघ मारलेलं उत्तर म्हणजे न सोडवलेलं उत्तर. त्या प्रश्नाला तिला शून्य.

वसतिगृहाच्या गृहपाल बाईनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मी म्हटलं, सरांकडे जाऊ.

रविवारी गेलो. सर ओट्यावर कुंकू लावलेल्या तुळशीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी पोहे दिले. पंचशीला खुर्चीवर बसली नाही, पायरीवर बसली. तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चाचणीत काय चुकलं ते सरांना विचारायची, तसंच ती विचारत होती. सर ऐकत होते. पोह्याची ताटली त्यांनी खाली ठेवली, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावलाच नाही.

"मराठी भाषांतर माझ्याकडं होतं," ते म्हणाले. "प्रूफही मीच वाचलं."

काकू आतून बाहेर येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

मी पंचशीलाकडे बघितलं. मला वाटलं ती उठून जाईल. ती म्हणाली, "होते सर. बत्तीसचे तेवीस लवकर होतात."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, मी बघितलं. ते म्हणाले, बेटा, तू विद्यापीठात जा. परीक्षा विभागात अर्ज दे. रेघ का मारली ते सांग, आमच्या कॉलेजात हीच शिस्त आहे म्हणून सांग. रेघेखालचं वाचता येतं, ते तपासतील. काही अडलं तर त्यांना म्हणावं कॉलेजात फोन लावा, मी सोमवारी दिवसभर तिथंच आहे. मी सांगीन.

"येऊ का सोबत तुमच्या?" असं ते एकदा म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, नको, ते बरं दिसणार नाही.

परतताना पंचशीला हसत होती. मी कधी तिला रस्त्यावर हसताना बघितलं नव्हतं. म्हणाली, सर देवमाणूस हाय. मी म्हटलं, देवमाणसाच्या हातून प्रूफ नीट वाचून झालं नाही. ती म्हणाली, तुह्यावाणी तोंड असल्यापेक्षा चुकलेलं बरं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघालो, दुपारी पोचलो. विद्यापीठ म्हणजे मोठमोठ्या झाडांमधे लांब लांब पिवळ्या इमारती. परीक्षा विभागात एका खिडकीनं दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरीनं जेवायची सुट्टी झाल्यावर यायला सांगितलं. शेवटी एका बाबूला आमची दया आली की कंटाळा आला कुणास ठाऊक, त्यानं आम्हाला थेट अधीक्षकांच्या खोलीत नेऊन सोडलं. दारावर पाटी होती, सौ. ठोसर.

बाई चांगल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितो. खेकसल्या नाहीत, उभं ठेवलं नाही. पाणी मागवलं. पंचशीलाला जात विचारली नाही, गाव विचारलं. अर्ज पूर्ण वाचला आणि शिपायाला पाठवून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवला. गठ्ठा यायला वेळ लागला, तोवर त्या त्यांच्या मुलीच्या बारावीबद्दल बोलत होत्या.

गठ्ठा आला. त्यांनी पंचशीलाची उत्तरपत्रिका काढली, रेघांच्या खालून बोट फिरवत एकेक आकडा वाचला. मधेच त्यांनी गणकयंत्र जवळ ओढलं.

"सगळं बरोबर आहे गं," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही तुझी. अक्षरही किती छान."

मला वाटलं झालं. मी खुर्चीत मागं टेकलो.

मग त्यांनी प्रश्नपत्रिका उलटी केली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मराठी आणि इंग्रजीत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा. ही ओळ फक्त इंग्रजीत छापलेली होती. बाई म्हणाल्या, नियमानं तुम्ही इंग्रजी बघायला हवं होतं. विद्यापीठानं मोठ्या मनानं गुण दिले. पण ज्यांनी प्रयत्न केला त्यांना.

मी म्हटलं, बाई, हा प्रयत्न नाही तर काय आहे? तुम्हीच आत्ता वाचला.

त्या म्हणाल्या, रेघ मारली म्हणजे विद्यार्थ्यानं स्वतःच उत्तर मागे घेतलं. "मी रेघेखालचं तपासायला लागले तर उद्या सगळेच म्हणतील आमचं तपासा. तरी बघू. मंडळापुढं ठेवता येईल, पण काहीतरी आधार पाहिजे. चूक छपाईची होती की भाषांतराची, ते तरी कळलं असतं तर."

"भाषांतराची होती," पंचशीला म्हणाली.

"कशावरून?"

"सरांनी सांगितलं. आमच्या उमाळे सरांनी. भाषांतर त्यांनीच केलं होतं. रेघ मारायची शिस्तही त्यांचीच. तुम्ही फोन लावा म्हणाले ते."

बाईंनी उत्तरपत्रिका बंद केली. उठल्या, दार लावून घेतलं, परत येऊन बसल्या. आवाज तसाच मऊ होता.

"तू काय बोललीस, कळतंय का तुला?"

पंचशीलाला कळलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी आम्हाला समजावलं, लहान पोरांना समजावतात तसं. पेपर कुणी काढला, भाषांतर कुणी केलं, हे गुप्त असतं. त्यांच्या खात्यातही दोनच माणसांना माहीत असतं. ते या पोरीला माहीत आहे. म्हणजे भाषांतर करणारा माणूस तिचा शिक्षक, ती त्याच्या घरी जाते, चाचणीत पहिली येते. आता हे कागदावर आलं की त्याला एकच नाव आहे, पेपरफुटी.

मी म्हटलं, पेपर फुटला असता तर नापास झाली असती का ती?

"हे तू चौकशी समितीला विचार," बाई म्हणाल्या.

पंचशीला म्हणाली, फोन लावा ना मॅडम. सर सांगतील काल सांगितलं म्हणून, परीक्षेच्या नंतर.

बाईंनी ट्रंक कॉल लावला. आम्ही वाट बघत बसलो. लागला. आधी प्राचार्य, मग बराच वेळ कुणी नाही, मग सर आले असावेत. बाईंनी विचारलं ते आम्हाला ऐकू आलं. पंचशीला हिवराळे नावाची विद्यार्थिनी. भाषांतराबद्दल तुम्ही तिला काही बोललात का. रविवारी घरी आली होती का. पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. पंचशीला त्या काळ्या फोनकडे बघत होती. ती पुढं झुकली होती. सर तिकडून तिला काही विचारतील आणि ती इथून उत्तर देईल, असं काहीतरी तिला वाटत असावं.

बाईंनी फोन ठेवला.

"नाही म्हणतात. घरी कुणी आलंच नाही म्हणतात. रेघेची अशी काही शिस्त नाही, मुलांनी आपल्या मनानं केलं असेल म्हणतात."

मी उभा राहिलो. मला आठवतं त्याप्रमाणे मी पोह्यांबद्दल बोललो. पोहे खाल्ले आम्ही त्यांच्या घरी, शेंगदाणे टाकलेले, त्यांच्या बायकोला विचारा. बाईंनी मला बसायला सांगितलं आणि माझं नाव विचारलं. आसनक्रमांक विचारला. समोरच्या कोऱ्या कागदावर लिहायला पेन उचललं.

"तूही होतास म्हणजे त्यांच्या घरी?"

तेव्हा पंचशीलानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग बाईंना म्हणाली, "हा नव्हता. हा गावचा हाय, एसटीत सोबत म्हणून आला. त्याला काही माहीत नाही."

मी तोंड उघडलं. तिनं टेबलाखाली माझ्या पायावर टाच ठेवली आणि दाबली. खडी मशीनवाल्या बाईच्या पोरीची टाच.

"मी अर्ज परत घेतला तर?" तिनं विचारलं.

बाईंनी सुस्कारा सोडला. त्यांना खरंच बरं वाटलं असणार. म्हणाल्या, तेच शहाणपणाचं. मग हे इथंच राहील. नाहीतर चौकशीत लागलेला निकालही राखून ठेवतात, वर्षं जातात, परीक्षेला बंदी येते. एक वर्ष गेलं तर गेलं. पुढच्या वर्षी परत बस, हुशार आहेस, सहज निघशील. त्यांना वसतिगृहाचं माहीत नव्हतं. पंचशीलानं सांगितलं नाही.

बाईंनी अर्ज तिच्याकडे सरकवला. "याच्यावर रेघ मार आणि खाली लिही, अर्ज स्वखुशीनं मागे घेत आहे. सही कर."

पंचशीलानं दप्तर मांडीवर घेतलं. आतल्या कप्प्यातून फडकं काढलं, फडक्यातून पट्टी काढली. बाई म्हणाल्या, अगं, नुसती हातानं मार, चालेल. तिनं ऐकलं नाही. डावा वरचा कोपरा, उजवा खालचा कोपरा. पट्टी दोनदा सरकवून बघितली. मग एका दमात रेघ मारली. खालचा अर्ज सगळा वाचता येत होता.

बाहेर आल्यावर मी शिव्या दिल्या. सरांना दिल्या, बाईंना दिल्या, पिवळ्या इमारतींना दिल्या. म्हटलं परत चल, मी लिहून देतो, होऊ दे चौकशी, काय उपटतात बघू. ती चालत राहिली. म्हणाली, तुझा निकाल टिकेल का मग? तुझ्या बापानं बकऱ्या इकल्या तुझ्यापायी. मी म्हटलं, जाऊ दे माझं. ती म्हणाली, "दोघंही मशीनीवर जाऊन काय करू? एक तरी राहू दे बाहेर."

हे वाचून कुणी म्हणेल, तिनं तुला वाचवलं. म्हणा. मी त्याबद्दल कुणाचे आभार मानणार नाही. एका पोरीला हिशेब करावा लागावा की गावातलं कोण बाहेर राहील, अशी वेळ ज्यांनी आणली त्यांची नावं मी वर लिहिली आहेत.

मी पुढची दोन्ही वर्षं त्याच कॉलेजात काढली. उमाळे सर शिकवत राहिले, लाकडी पट्टी घेऊन. माझ्या वहीपाशी आले की पुढं जायचे. नव्या पोरांना मात्र पहिल्या तासाला तेच सांगायचे, खोडू नका, रेघ मारा, न जुळलेलं पुढं करू नका. मी मागच्या बाकावरून ऐकायचो. त्यांचा आवाज कधी अडखळला नाही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. पंचशीला खिडकीशी बसली होती. मेहकर मागं पडलं, तालुक्याचा फाटा जवळ आला. वसतिगृहाला जायचं तर तिथं उतरायचं होतं, माझी खोलीही तिथंच. मी माझी पिशवी उचलली, ती उठली नाही.

"उतर ना," मी म्हटलं.

"कशाले? महिनाअखेरपर्यंत जेवून काय करू तिथं. तू उतर. माझी पेटी कोणासंगं पाठवून देजो."

कंडक्टरनं घंटा मारली. मी दारापाशी गेलो तेव्हा तिनं हाक मारली.

"दिगूभाऊ, रेघ सरळ आली होती ना?"

मी होय म्हणालो. एसटी पुढं गेली, पांढऱ्या बाभळींकडं.